शब्दांचे खरेदीखत

दोन गुंठे जमीन घ्यावयाची झाली तरी महाराष्ट्रातील सामान्य मनुष्य सात-बाराचा उतारा काढतो, फेरफाराच्या नोंदी पाहतो, चतुःसीमा तपासतो, जमिनीवर बोजा आहे की काय याची चौकशी करतो आणि एवढे करूनही वकिलाला विचारल्याखेरीज खरेदीखतावर सही करीत नाही. तोच मनुष्य शिक्षक असेल आणि त्याने तीन वर्षे खपून एखादे पाठ्यपुस्तक लिहिले असेल, तर प्रकाशकाने पुढे केलेल्या दोन पानी कागदावर तो उभ्या उभ्या सही करून मोकळा होतो. ‘सर्व प्रकारचे सर्व हक्क कायमचे दिले आहेत’ ही त्यातील ओळ त्याने वाचलेली नसते, आणि वाचली असली तरी तिचा अर्थ त्याच्या ध्यानी आलेला नसतो. जमीन गेली की ती डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नांगराखाली जाते. शब्द गेले तर ते जागच्या जागी असल्यासारखे दिसतात. पुस्तकावर नाव आपलेच राहते, सत्कार आपलाच होतो आणि हक्क मात्र दुसऱ्याच्या कपाटात पडून असतो.

हा प्रश्न आता केवळ नामवंत साहित्यिकांचा राहिलेला नाही. मार्गदर्शक पुस्तके लिहिणारा शिक्षक, कचेरी सुटल्यावर एकांकिका लिहिणारा कारकून, एखाद्या उत्पादनाचे वेष्टन चितारणारी कलाशाळेतील विद्यार्थिनी, छोट्या व्यावसायिकासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहून देणारा पदवीधर, हे सर्व आज बौद्धिक मालमत्तेचे उत्पादक आहेत. त्यांच्या श्रमाचे मोल बाजारात ठरते हे खरे. परंतु ते मोल कोणाच्या पदरात पडावयाचे, हे बहुतांशी एका कागदावर ठरते. कायदा निर्मात्याला हक्क देतो आणि करार तो हक्क काढून घेऊ शकतो, ही या विषयातील मूळ गोष्ट आहे. कायद्याविषयी आपल्याकडे थोडीफार चर्चा होते. कराराविषयी जवळजवळ होतच नाही.

हक्क कोठून येतो?

ज्याला सामान्यतः कॉपीराइट म्हटले जाते त्या स्वामित्वहक्काचा आपल्याकडील कायदा १९५७ सालचा आहे. तो जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि त्यात १९८३, १९८४, १९९२, १९९४, १९९९ व २०१२ या वर्षी दुरुस्त्या झाल्या. या कायद्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो असा की, नोंदणी केल्याशिवाय हक्क मिळत नाही. वस्तुतः एकस्व, म्हणजे पेटंट, नोंदणीवाचून मिळत नाही. स्वामित्वहक्काचे तसे नाही. कृती लिहून, चितारून वा ध्वनिमुद्रित करून मूर्त स्वरूपात आली की त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी हा वादाच्या वेळी उपयोगी पडणारा पुरावा आहे, हक्काचा उगम नव्हे. ग्रंथकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क २०१० अखेर संपला आणि ते सर्वांसाठी खुले झाले. वि. स. खांडेकर १९७६ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत चालेल. एका सहीचा परिणाम दोन पिढ्यांना कसा भोगावा लागतो, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा हक्क एकसंध नाही. जुन्या वाड्यात जशा अनेक खोल्या असतात आणि प्रत्येक खोली वेगळ्या बिऱ्हाडाला देता येते, तसेच येथेही आहे. पुस्तक छापण्याचा हक्क एक, भाषांतराचा दुसरा, नाट्यरूपांतराचा तिसरा, चित्रपटाचा चौथा, ध्वनिरूपात वाचून प्रसृत करण्याचा पाचवा. यांतील कोणताही एक हक्क, ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक प्रदेशापुरता आणि ठरावीक भाषेपुरता देण्याची मुभा कायद्यात आहे. ‘सर्व हक्क’ लिहून देणारा मनुष्य एका खोलीच्या भाड्यात सगळा वाडा देऊन टाकतो. आणि त्या वाड्यात खोल्या किती होत्या, हे त्याने मोजलेलेही नसते.

विक्री आणि भाडेपट्टा

कायद्याने या व्यवहाराचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला अभिहस्तांकनाचा. यात हक्क दुसऱ्याच्या मालकीचा होतो; हे खरेदीखत होय. दुसरा परवान्याचा. यात मालकी निर्मात्याकडेच राहते आणि दुसऱ्यास केवळ वापरण्याची अनुमती मिळते. हा भाडेपट्टा होय. दोहोंतील फरक कागदाच्या मथळ्यावर अवलंबून नसतो, तर आतील शब्दरचनेवर आणि व्यवहाराच्या एकूण स्वरूपावर अवलंबून असतो. खांडेकरांच्या पुस्तकांवरून त्यांचे वारस आणि प्रकाशनसंस्था यांच्यात जो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: लेखकाने करून दिलेले जुने करार हे अभिहस्तांकन की परवाना? ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविलेल्या लेखकाच्या कागदपत्रांविषयी जेथे न्यायालयाला हा निर्णय करावा लागतो, तेथे इतरांच्या कागदांची अवस्था काय असेल, याची कल्पना करता येते.

गंमत अशी की, या बाबतीतील शहाणपण महाराष्ट्राला मुळीच अपरिचित नाही. मराठी रंगभूमीने ते पूर्वीच आत्मसात केले आहे. छापील मराठी नाटकाचे पहिले पान उघडावे. नाटकाचे प्रयोग, भाषांतर, चित्रपट इत्यादींचे हक्क कोणाच्या स्वाधीन आहेत आणि प्रयोगापूर्वी परवानगी कोणाकडून घ्यावयाची, याची सूचना तेथे बहुधा ठळकपणे असते. हौशी मंडळी स्पर्धेत नाटक करतात तेव्हा त्यांना लेखकाचे परवानगीपत्र जोडावे लागते आणि प्रयोगामागे ठरलेली रक्कम द्यावी लागते. म्हणजे नाटककार नाटक विकत नाही. तो ते प्रयोगागणिक भाड्याने देतो. नाटक पडले तर त्याला थोडे मिळते. चालले तर पुढील पिढीलाही मिळत राहते. त्याच भाषेतील कादंबरीकार, अनुवादक आणि पाठ्यपुस्तकांचा लेखक मात्र पुष्कळदा एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क लिहून देतो. दोघांना एकच कायदा लागू आहे. फरक आहे तो रूढीचा, आणि रूढी बदलता येते.

कागदावर जे नाही त्याचे काय?

१९९४ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये काही तरतुदी घातल्या. त्या प्रत्येक लिहित्या माणसाने तोंडपाठ कराव्यात अशा आहेत. अभिहस्तांकन लेखी असले पाहिजे आणि त्यावर हक्क देणाऱ्याची वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असली पाहिजे. तोंडी बोलीवर मालकी जात नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात, हे त्यात नमूद असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्याचा वापर केला नाही, तर तेवढ्यापुरते अभिहस्तांकन संपुष्टात येते. मात्र करारात वेगळे ठरलेले असल्यास ही शेवटची तरतूद लागू होत नाही.

या तरतुदींचा रोख स्पष्ट आहे. कागद जेथे मुका असतो तेथे कायदा निर्मात्याच्या बाजूने बोलतो. म्हणूनच छापील करारात मुका असा एकही भाग ठेवलेला नसतो. ‘कायमचे’, ‘संपूर्ण जगात’, ‘वापर न केल्यासही’ हे शब्द तेथे अलंकार म्हणून येत नाहीत. कायद्याने दिलेले एकेक संरक्षण काढून टाकण्यासाठी ते योजलेले असतात. त्या शब्दांवर काट मारण्याचा अधिकार सही करणाऱ्याला असतो, आणि काट मारली म्हणून प्रकाशक प्रत्येक वेळी पुस्तक नाकारतोच असेही नाही. परंतु काट मारण्यासाठी शब्दांचे सामर्थ्य आधी कळावे लागते.

नोकर कोण आणि कंत्राटदार कोण?

शिक्षक आणि कारकून या वर्गाला आणखी एक प्रश्न जवळचा आहे. नोकरीत असताना केलेल्या लेखनावर मालकी कोणाची? कायद्याचे उत्तर असे की, सेवेच्या कराराखाली, नोकरीचे काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक धनी असतो. अर्थात तसे नसल्याचे उभयतांत ठरलेले नसेल तर. पण नोकराने स्वतःच्या वेळात, नोकरीच्या कामाबाहेर लिहिलेली कथा धन्याची होत नाही. आणि ज्याला बाहेरून काम दिले आहे, तो मुळात नोकरच नव्हे. १९१६ सालचा लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांविषयीचा इंग्लंडमधील निवाडा या बाबतीत आजही आधारभूत मानला जातो. प्रश्नपत्रिका ही मौलिक साहित्यकृती होय, आणि परीक्षक विद्यापीठाचा नोकर नसल्याने तिचा पहिला हक्क परीक्षकाकडे जातो, असे तेथे ठरले. विद्यापीठाला तो मिळू शकला तो परीक्षकांनी नेमणुकीच्या अटीत तसे मान्य केले होते म्हणून. दरवर्षी प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांपैकी किती जणांनी नेमणूकपत्रातील ती अट वाचली असेल?

हीच तलवार उलटही चालते. एखादी पतसंस्था बाहेरच्या तरुणाकडून हिशेबाचा संगणक-कार्यक्रम लिहून घेते, त्याचे ठरलेले पैसे चुकते करते आणि कार्यक्रम आपला झाला असे समजते. संगणकाचा कार्यक्रम कायद्याने साहित्यकृतीत मोडतो. तो लिहिणारा पतसंस्थेचा नोकर नव्हता आणि लेखी अभिहस्तांकनही झालेले नाही. अशा स्थितीत पैसे देऊनही मालकी त्या तरुणाकडेच राहते आणि पतसंस्थेकडे फार तर वापरण्याची अनुमती उरते. पुढे तो कार्यक्रम दुसऱ्याकडून सुधारून घ्यावयाचा झाला, की या अज्ञानाची किंमत कळते. तेव्हा स्पष्ट करार ही केवळ लेखक-कलावंतांची गरज आहे असे मानण्याचे कारण नाही. पैसे मोजणाऱ्या धंदेवाईकालाही ती तितकीच आहे.

पस्तीस वर्षांचा धडा

करारापुढे कायदा किती दुबळा ठरतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या चित्रसृष्टीने पुरविले आहे. १९६० च्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील स्वामित्वधन गायकांना मिळावे की नाही, यावरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद झाला आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबविले. गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा संबंध संपला, ही एक भूमिका. गाणे जोवर पैसा मिळविते तोवर गायकाचा त्यात वाटा आहे, ही दुसरी. दोन थोर कलावंतांमधील हा वाद वैयक्तिक हेव्यादाव्याचा समजला गेला. प्रत्यक्षात तो अर्थशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचा वाद होता.

गीतकार-संगीतकारांचा हाच प्रश्न १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही त्यांची संस्था १९६९ साली स्थापन झाली होती आणि चित्रपटगीतांच्या सार्वजनिक वादनाबद्दल शुल्क आकारण्याचा अधिकार ती सांगत होती. न्यायालयाने निर्णय दिला तो निर्मात्यांच्या बाजूने. मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करवून घेणारा चित्रपटनिर्माता, विरुद्ध करार नसल्यास, त्या हक्काचा पहिला मालक ठरतो, असा त्याचा सारांश. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टिपणी जोडून, गायकाला आपल्या कायद्यात स्थानच नाही याकडे लक्ष वेधले. गायक-वादकांच्या सादरीकरणाचा हक्क कायद्याने मान्य केला तो त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९४ साली.

‘विरुद्ध करार नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कागदोपत्री गीतकाराला करार करून हक्क राखण्याची मोकळीक होतीच. परंतु काम हवे असेल तर सही कर, नाहीतर बाहेर दुसरा उभा आहे, अशी जेथे स्थिती असते तेथे मोकळीक ही कागदावरच राहते. अखेर २०१२ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी जोराने बाजू मांडली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या गीत-संगीताच्या लेखक-रचनाकारांना, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, अन्य वापरावरील स्वामित्वधनाचा समान वाटा मिळेल, असे आता कायदा म्हणतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा हक्क त्यांना सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्कवसुलीच्या मान्यताप्राप्त संस्थेला देता येतो. याविरुद्ध केलेला करार निरर्थक ठरतो.

येथे संसदेने एक मोठी गोष्ट मान्य केली. दोन पक्षांच्या बळात फार तफावत असेल, तर कराराचे स्वातंत्र्य हे दुबळ्याला दिलेले स्वातंत्र्य नसते. किमान वेतनाचा कायदा ज्या तत्त्वावर उभा आहे, तेच हे तत्त्व. मात्र हा न मोडता येणारा हक्क गीत, संगीत, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या परिघापुरताच आहे. पुस्तकाचा लेखक आणि अनुवादक त्या परिघाबाहेर आहेत. अनुवाद ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती आहे आणि अनुवादकाला तिच्यावर स्वतःचा हक्क असतो. एकरकमी हक्क देण्याचा प्रघात मात्र याच क्षेत्रात दृढ आहे.

‘मानधन’ या शब्दाआड

या प्रघाताचे अर्थशास्त्र थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. करार होतो त्या दिवशी पुस्तकाची खरी किंमत लेखकालाही ठाऊक नसते आणि प्रकाशकालाही नसते. ती कळते पाच-दहा वर्षांनी, वाचकांकडून. अशा अनिश्चित वस्तूची आज एकदाच किंमत ठरविली, तर भविष्यातील सर्व नफा आणि सर्व तोटा विकत घेणाऱ्याकडे जातो. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि लेखकाला २०,००० रुपये एकरकमी मिळाले. शेकडा दहा दराने प्रतीमागे २० रुपये धरले, तर ही रक्कम १,००० प्रतींच्या स्वामित्वधनाएवढी होते. हजार प्रतींची आवृत्ती हा मराठीतील पूर्वापार परिचित हिशेब आहे. म्हणजे लेखकाला मिळाली ती एका आवृत्तीची किंमत, आणि त्याने दिले ते हयातीचे अधिक साठ वर्षांचे हक्क. पहिल्या आवृत्तीपुरता हा व्यवहार अन्याय्य नाही. अन्याय सुरू होतो तो दुसऱ्या आवृत्तीपासून. म्हणून लेखकाने रक्कम वाढवून मागण्यापेक्षा ‘एका आवृत्तीपुरते’ हे दोन शब्द मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रकाशकांची बाजू ऐकून घेतल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. कागद, छपाई, वितरण आणि उधारी यांचा बोजा त्यांच्यावर असतो. पुष्कळ पुस्तके खर्चही भरून काढीत नाहीत, आणि चार चाललेल्या पुस्तकांच्या बळावर न चालणारा कवितासंग्रह निघतो, हे ते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष एकरकमी खरेदीचा नाही. विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वधन दिले, तर न खपलेल्या पुस्तकावर प्रकाशकाला लेखकाला काहीच द्यावे लागत नाही; धोका वाटला जातो आणि लाभही वाटला जातो. खरी अडचण हिशेबाची आहे. किती प्रती छापल्या आणि किती विकल्या, हे लेखकाला कळण्याचा मार्ग नसेल, तर शेकडेवारी हा केवळ आकडा ठरतो. वर्षातून एकदा लेखी हिशेब आणि तो तपासण्याचा अधिकार, ही अट म्हणूनच शेकडेवारीइतकीच महत्त्वाची आहे.

या सर्वांआड आपली एक सांस्कृतिक सवयही उभी आहे. तिचे नाव ‘मानधन’. कष्टाच्या किमतीला आपण मानाचे वस्त्र चढविले, आणि मग मानाच्या गोष्टीत घासाघीस कशी करावी, असा संकोच लेखकाच्या मनात निर्माण झाला. सरस्वतीच्या उपासकाने पैशाविषयी बोलू नये, ही भावना उदात्त असेल. पण व्यवहारात तिचा लाभ उपासकाला होत नाही. गवंड्याला वा सुताराला कोणी मानधन देत नाही. तो आपला दर आधी सांगतो, आणि त्यामुळे त्याचा मान कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

कल्पनेचे काय?

कायद्याच्या कक्षेबाहेर राहणारी एक गोष्ट म्हणजे कल्पना. स्वामित्वहक्क मिळतो तो मांडणीला, कल्पनेला नव्हे. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाची कल्पना १९५६ च्या ‘न्यू दिल्ली’ चित्रपटात घेतल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९७८ साली न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. प्रांतभेद हा विषय दोहोंत समान असला तरी मांडणी भिन्न असल्याने हक्कभंग झालेला नाही, असे ठरले. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ साली याच पेचाचे वर्णन केले होते. माहिती दाखविल्याशिवाय ग्राहकाला तिची किंमत कळत नाही, आणि दाखविली की ती त्याला फुकटच मिळालेली असते.

या पेचातून वाट काढतो तो करारच. एका दूरचित्रवाणी मालिकेची संकल्पना विश्वासाने एका वाहिनीपुढे मांडली गेली आणि त्याच धर्तीची मालिका त्या वाहिनीने काढली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली गोपनीयतेच्या भंगाच्या आधारे संकल्पना मांडणाऱ्यांना संरक्षण दिले. ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स’ या नावाने तो निवाडा ओळखला जातो. त्या पक्षाने आपली संकल्पना लिहून, नोंदवून आणि पत्रव्यवहाराने सादर केलेली होती, हे त्यातील मर्म. चहाच्या टेबलावर सांगितलेली कल्पना चहाबरोबरच संपते.

सही झाली म्हणजे सर्व संपले का?

नाही. प्रतिकूल करारावर सही झाल्यानंतरही काही दारे उघडी राहतात. पहिले दार कृतीच्या अब्रूचे आहे. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार ग्रंथकाराकडे राहतो. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले होते. तरीही चित्रपटात कादंबरीचे विकृतीकरण झाल्याची तक्रार त्यांना करता येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले. दुसरे दार अटी जाचक असल्याच्या तक्रारीचे. कलम १९ अ अन्वये स्वतः ग्रंथकार असलेल्या हक्कदात्याला अभिहस्तांकन रद्द करण्याची मागणी करता येते. मात्र जाचक अटींच्या कारणावरून असा आदेश कराराच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत मिळत नाही. तिसरे दार १८७२ च्या करार कायद्याचे. त्याच्या कलम २७ प्रमाणे धंद्यास प्रतिबंध करणारा करार निरर्थक असतो. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या करारासंबंधीच्या २००६ सालच्या निवाड्यात, मुदत संपल्यानंतरही दुसऱ्याशी करार करण्यापूर्वी जुन्या संस्थेलाच प्रथम संधी देण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. ‘पुढील सर्व पुस्तके आम्हालाच’ अशी अट लिहून देणाऱ्या नवोदिताने हा निवाडा लक्षात ठेवावा.

चौथे दार भविष्याकडे उघडते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला अभिहस्तांकन लागू होत नाही. त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख असेल तरच ते लागू होते. छापील पुस्तकातून विद्युत्पुस्तक निघाले, त्यातून श्राव्यपुस्तक निघाले आणि आता यंत्रांना भाषा शिकविण्यासाठी पुस्तके वापरली जाऊ लागली आहेत. उद्या आणखी काय निघेल ते सांगता येत नाही. नव्या करारांत ‘सध्याची व भविष्यातील सर्व माध्यमे’ असे शब्द दिसले, तर लेखणी तेथे थांबलीच पाहिजे.

समाजाचाही वाटा

निर्मात्याचा हक्क मान्य करताना समाजाचा हक्क विसरून चालणार नाही. ज्ञानावर कडेकोट मालकी बसली तर सर्वांत आधी गरीब विद्यार्थी बाहेर राहील. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध परदेशी मूळ असलेल्या तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला. अध्यापनाच्या ओघात, अध्यापनापुरत्या केलेल्या प्रती हा हक्कभंग नव्हे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली घेतली आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निर्णय योग्य दिशेचा आहे. परंतु अध्यापनासाठी काही प्रकरणांची प्रत काढणे आणि जिवंत लेखकाचे अख्खे पुस्तक प्रसृत करून विक्री बुडविणे, यांतील फरक शिक्षकांनीच विद्यार्थ्यांना सांगितला पाहिजे. आपल्या शब्दांची किंमत मागणाऱ्याने दुसऱ्याच्या शब्दांची किंमत चुकविणे शोभणारे नाही.

पुढे काय करावे, याचे उत्तर अवघड नाही. साहित्य महामंडळ, प्रकाशक परिषद आणि नाट्यसंस्था यांनी एकत्र बसून मराठीत एक आदर्श करारनामा सिद्ध करावा. तो चार पानांपेक्षा मोठा नसावा आणि तो दहावी झालेल्या माणसाला समजावा. त्यात कोणता हक्क, किती आवृत्त्या, किती वर्षे, कोणते माध्यम, किती शेकडा, हिशेब केव्हा आणि हक्क परत केव्हा, या सात प्रश्नांची उत्तरे स्पष्ट असावीत. विद्यापीठांनी वाणिज्य आणि कला या दोन्ही शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात कराराचे वाचन हा विषय प्रत्यक्ष नमुन्यांसह शिकवावा. आणि गीत-संगीताला २०१२ साली दिलेले संरक्षण पुस्तकाच्या लेखकाला व अनुवादकाला कोणत्या स्वरूपात देता येईल, याचा विचार संसदेने करावा.

इंग्लंडात १७१० साली लेखकाच्या हक्काचा पहिला कायदा झाला. तेव्हा चौदा वर्षांची मुदत संपल्यावर लेखक हयात असेल तर हक्क पुन्हा त्याच्याकडे यावा, अशी तरतूद त्यात होती. दिलेले काही काळाने परत मिळावे, हा विचार तीन शतकांपूर्वीही अव्यवहार्य वाटला नव्हता. आजच्या लेखकाला तो आपल्या करारात लिहून घेता येतो, त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. लागते ती एवढीच की, सात-बारा वाचणाऱ्या डोळ्यांनी त्याने स्वतःच्या शब्दांचाही कागद वाचावा, आणि जो कळला नाही तो कागद कळेपर्यंत सही न करता तसाच ठेवावा.